भरलेली चालते, रिकामी बंद पडते : एका पिकअपच्या ईसीएमचं प्रकरण

माझं गॅरेज आळेफाट्याजवळ आहे. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते तिथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे आमच्याकडे निम्म्याहून जास्त गाड्या भाजीपाल्याच्या येतात. हे प्रकरण त्यातल्याच एका पिकअपच्या ईसीएमचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या डब्याचं. मालकाची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. गाडीची कंपनीही लिहीत नाही, कारण कॉमन रेल डिझेल (एकाच सामाईक नळीतून, म्हणजे रेलमधून, सगळ्या इंजेक्टरना दाबाने डिझेल देणारं इंजिन) असलेल्या कुठल्याही पिकअपमध्ये हे घडू शकतं. आकडे त्या वेळी वहीत टिपून ठेवलेले आहेत.

पार्श्वभूमी

गाडी २०१८ सालची, बीएस-४, चार सिलिंडरची, चाललेली १ लाख ८६ हजार किलोमीटर. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, गाडी चालवतो त्यांचा भाचा. उन्हाळी टोमॅटो सुरू झाला की धंदा ठरलेला. संध्याकाळी नारायणगावात ८० कॅरेट भरायचे, कॅरेटला २० किलो, म्हणजे १,६०० किलो माल. रात्री ओतूर, मढ करत माळशेज उतरायचा, मुरबाड-कल्याणवरून पहाटेच्या आत वाशीचं मार्केट गाठायचं. माल उतरवून, थोडं झोपून, दुपारी रिकामे कॅरेट घेऊन त्याच रस्त्याने परत.

मार्चमध्ये अण्णांनी हौदाच्या जाळीची उंची वाढवून घेतली होती. हे मला सुरुवातीला माहीत नव्हतं. मी विचारलं नाही आणि त्यांना ते सांगण्यासारखं वाटलं नाही.

तक्रार

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी दोरीने ओढून आणली. अण्णांनी उतरल्या उतरल्या जे सांगितलं, ते ऐकून माझा पोऱ्या हसला. "मिस्त्री, भरलेली असली की चालते. रिकामी असली की बंद पडते."

आधीच्या दोन गॅरेजमध्येही लोक असेच हसले असावेत. गाडीला त्रास होतो तो लोडवर, चढावर. रिकाम्या गाडीला काय धाड भरली? पण वाक्य तंतोतंत खरं होतं, आणि निदानाची किल्ली त्यातच होती. ती मला बऱ्याच उशिरा सापडली.

भाच्याने दिलेला तपशील असा. मुरबाड सोडलं की सरळगाव ते टोकावडे या पट्ट्यात, नाहीतर घाटाच्या निम्म्यावर, आधी पिवळा दिवा लागतो. पेडल दाबलं तरी गाडी उचलत नाही. इंजिन अर्धा-एक मिनिट कडक वाजतं, टकटक केल्यासारखं, आणि मग चावी काढल्यासारखं एकदम बंद. सेल्फ मारला तर इंजिन फिरतं, पण उचलत नाही. बॉनेट उघडून, दरवाजे उघडे टाकून अर्धा तास झाडाखाली बसलं की काही झालंच नाही अशा थाटात सुरू होते.

तोवर झालेली कामं: डिझेल फिल्टर आणि टाकी साफ, क्रँक सेन्सर दोनदा (एकदा चांगला, एकदा बाजारातला स्वस्तातला), रेल प्रेशरचा सेन्सर, पंपावरचं मीटरिंग युनिट. मजुरी आणि गाडी ओढून आणण्याचे पैसे धरून वीस-बावीस हजार. शेवटच्या गॅरेजवाल्याने हात टेकले आणि सांगितलं, "ईसीएम गेलाय."

तो बरोबर होता. पण त्याला ते कळलं होतं असं मी म्हणणार नाही. सगळं बदलून झालं आणि डबाच तेवढा उरला, म्हणून डबा. अशा निदानावर कुणी पन्नास हजार खर्च करू नयेत.

पहिली तपासणी, आणि माझी चूक

स्कॅनर लावला. तीन कोड साठवलेले होते: पी०१९२ (रेल प्रेशर सेन्सरचा सिग्नल कमी), पी२१३८ (पेडलच्या दोन सिग्नलांचा मेळ नाही) आणि पी०६४१ (सेन्सरला जाणाऱ्या संदर्भ व्होल्टेजची 'ए' वाट सदोष). आधीच्या गॅरेजांनी पहिला कोड पाहून रेलचा सेन्सर बदलला होता. दुसऱ्याकडे लक्ष दिलं नव्हतं. तिसरा बहुधा त्यांच्या स्कॅनरने नुसत्या नंबरात दाखवला असेल.

रेलवरचा सेन्सर आणि पायाखालचं पेडल यांचा एकमेकांशी संबंध काय? दोघांना चालायला ५ व्होल्ट लागतात आणि ते ईसीएम पुरवतो. या गाडीत ५ व्होल्टच्या तीन वेगळ्या वाटा निघतात. 'ए' वाटेवर रेलचा सेन्सर आणि पेडलचा पहिला ट्रॅक, तर पेडलचा दुसरा ट्रॅक वेगळ्या वाटेवर. ही वाट खचली की रेल प्रेशर खोटं कमी दिसतं, पेडलचे दोन ट्रॅक एकमेकांशी भांडायला लागतात, आणि एकाच दुखण्याचे तीन कोड पडतात. एवढं मला पहिल्या दिवशी समजलं होतं.

मग मी नेहमीच्या क्रमाने गेलो. बॅटरी १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.४ च्या खाली नाही, चालू इंजिनवर १४.१. मेन रिले ठीक. ईसीएमच्या अर्थवर (बॅटरीच्या निगेटिव्हला परत जाणाऱ्या वाटेवर) मात्र दोष सापडला. चालू इंजिनवर, हेडलाइट आणि ब्लोअर लावून, ईसीएमची अर्थ पिन आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यात ०.४२ व्होल्ट. मी इथे ०.१ च्या वर काही खपवून घेत नाही. तार धरत गेलो तर डाव्या बाजूला, केबिनच्या पत्र्यावर अर्थची थिंबल (तारेच्या टोकाचं कडं) बसवलेली, आणि थिंबलखाली काळ्या रंगाचा ताजा थर. रंगावर थिंबल कसलेली. बोल्टच्या आट्यांतून जेवढा करंट जाईल तेवढाच.

तेव्हा विचारलं, रंग कुणी मारला? मग जाळीची गोष्ट निघाली. बॉडीवाल्याने अर्थचा बोल्ट सोडून बाजूला घेतला, वेल्डिंग केलं, रंग मारला, बोल्ट परत लावला. वेल्डिंगच्या वेळी बॅटरी जोडलेलीच होती.

मी पत्रा पॉलिश पेपरने उघडा केला, थिंबल नवी दाबली, बोल्ट कसून वर जेली लावली. वाचन ०.०३ व्होल्ट. कोड पुसले, गावातून एक चक्कर मारली, गाडी झकास. अण्णांकडून सहाशे रुपये घेतले आणि "दुसऱ्यांनी वीस हजार घालवले, आपण सहाशेत काढलं" असं दोन-चार जणांना सांगितलंही.

गाडी नऊ दिवस चालली, आणि दहाव्या दिवशी दुपारी दोन वाजता टोकावड्यात बंद पडली.

त्या नऊ दिवसांत वळीव झाला होता. माझ्या कामानंतर दुसऱ्याच दिवशी तिन्हीसांजेला गारांसकट पडला आणि पुढचा आठवडाभर आभाळ राहिलं. ऊन परत तापलं तसा दोष परत आला. अर्थ खराब होती हे खरं, ती दुरुस्त करायलाच हवी होती, पण गाडी बंद पडण्याचं कारण ती नव्हती. गाडी गावातल्या पाच किलोमीटरच्या चकरीवर सोडली ही माझी चूक. तक्रार ज्या हवेत आणि ज्या वेळेला येते, त्याच वेळेला गाडी पाहायला हवी होती.

भाच्याचं आणि अण्णांचं वाक्य मग नीट समजलं. भरलेली गाडी रात्री जाते. रिकामी दुपारी येते. मे महिन्यात, मुरबाडच्या पुढे, बंद केबिनमध्ये, चार तासांच्या प्रवासानंतर. लोडचा काही संबंध नव्हता, संबंध तापण्याशी होता. आणि ईसीएम बसवलाय डॅशबोर्डच्या डाव्या खणामागे, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला टेकून.

खरं निदान

गाडी दुसऱ्यांदा आली तेव्हा ठरवलं की सिद्ध झाल्याशिवाय एकही पार्ट काढायचा नाही. ईसीएम बाद ठरवणं म्हणजे तीन गोष्टी एकाच क्षणी दाखवणं. त्याला पोचणारी वीज चांगली, त्याची अर्थ चांगली, त्याच्यावर बाहेरून कुणाचा भार नाही. आणि तरीही तो जे द्यायला हवं ते देत नाही. "एकाच क्षणी" हे महत्त्वाचं. सकाळी थंड इंजिनवर मोजलेला सप्लाय दुपारच्या दोषाबद्दल काही सांगत नाही.

डावा खण काढला. ईसीएमच्या कपलरच्या मागून बारीक सुया सरकवल्या आणि तीन मीटर लावले. एक सप्लायवर, एक अर्थवर, एक 'ए' वाटेच्या ५ व्होल्टवर. चौथा स्कॅनर, त्यावर रेल प्रेशर. इंजिन आयडलवर, म्हणजे पेडल न दाबता, चालू ठेवलं आणि घरून बायकोचा हेअर ड्रायर आणला. ईसीएमच्या अॅल्युमिनियमच्या पाठीवर दीड वितीवरून गरम हवा सोडली, आणि पाठ किती तापतेय ते इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहत राहिलो. हीटगन वापरू नका, ती चांगला डबाही मारेल. मला ७० अंशांच्या वर जायचं नव्हतं. मेच्या दुपारी डॅशबोर्डमागे तेवढं होऊ शकतं, त्याहून जास्त तापवून काढलेल्या दोषाला अर्थ नाही.

पहिली सात-आठ मिनिटं काहीच नाही. ५.०२ व्होल्ट, हलायला तयार नाही. पोऱ्या कंटाळून चहा सांगायला गेला. पाठ ५८ अंशांवर आली आणि आकडा ४.९ झाला. मग ४.७. स्कॅनरवर आयडलचं रेल प्रेशर ३१० बारवरून उतरायला लागलं, २६०, २२०, आणि त्याच वेळी इंजिन कडक वाजू लागलं. भाचा शेजारी उभा होता. तो म्हणाला, "हाच, हाच आवाज!"

तो आवाज का येतो हे तिथे मीटरवर दिसत होतं. रेलचा सेन्सर आपल्याला मिळणाऱ्या ५ व्होल्टच्या प्रमाणात उत्तर देतो. त्याला ४ च मिळाले तर उत्तरही त्या प्रमाणात खाली येतं. रेलमध्ये प्रेशर व्यवस्थित आहे, पण ईसीएमला कमी दिसतंय, म्हणून तो पंपाला सांगतो, वाढव. खरं प्रेशर चढतं, डिझेल जोरात फवारतं, इंजिन ठोकतं.

६२ अंशांवर ५ व्होल्टची वाट ४.१ ला आली, पिवळा दिवा लागला आणि इंजिन बंद. स्कॅनरचा संपर्कही तुटला. त्या क्षणाला सप्लाय १२.५ (इंजिन बंद झाल्यावरचा), अर्थ ०.०३. चावी चालूच होती.

अजून एक शंका उरते. एखादा सेन्सर किंवा कुठे घासलेली तार ५ व्होल्टला खाली ओढत असेल तर दोष ईसीएमचा नाही. या शंकेपायी कितीतरी चांगले ईसीएम भंगारात गेले असतील. म्हणून गाडी थंड केली, 'ए' वाटेवरचे कपलर एकेक करून सोडले, पुन्हा तापवलं. तरी आकडा उतरला. शेवटी ईसीएमच्या कपलरमधून ती ५ व्होल्टची पिनच मागे काढली, म्हणजे बाहेर काहीच जोडलेलं नाही, आणि नुसती चावी चालू ठेवून थेट डब्याच्या पिनवर मोजलं. तापवल्यावर ४.२. डबा मोकळा असतानाही देत नव्हता.

संपर्क तुटण्याबद्दल म्हणून बॅटरी सोडून स्कॅनर सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांत रोध मोजला. ६०.४ ओहम. दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोध असतात, समांतर जोडले की ६० येतात. म्हणजे कॅनच्या तारा (गाडीतले कॉम्प्युटर आणि स्कॅनर ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या) धड होत्या. स्कॅनरला उत्तर येत नव्हतं, कारण पलीकडचं डोकंच बंद पडत होतं.

दोन दिवस गेले यात. त्याचे मी आठशे रुपये लावले, अण्णांनी तोंड वाकडं केलं. सेन्सर बदलला की पार्ट हातात दिसतो, मोजमाप हातात दिसत नाही.

पर्याय

सीझन भर होता. गाडी उभी म्हणजे अण्णांना भाड्याच्या गाडीने माल पाठवावा लागत होता. त्यामुळे प्रत्येक पर्यायात पैशाइतकाच दिवसांचा हिशेब होता.

नवा ईसीएम अधिकृत दुकानातून घ्यायचा तर ४८ हजार आणि वर प्रोग्रामिंग. स्टॉक नव्हता, बारा-पंधरा दिवस सांगितले. नवा डबा कोरा येतो. त्यात चासी नंबर, सॉफ्टवेअर, चाव्यांची ओळख आणि चारही इंजेक्टरचे कोड भरावे लागतात, म्हणजे गाडी त्यांच्याच दारात न्यायला हवी. हा सगळ्यात निर्धोक मार्ग. गाडी दोन वर्षांची असती तर मी दुसरं काही सुचवलंच नसतं.

दुसरा मार्ग दुरुस्तीचा. पुण्यात ईसीएम उघडून दुरुस्त करणारे आहेत. साताठ हजार, पाच-सहा दिवस, तीन महिन्यांची गॅरंटी. अडचण एवढीच की आत काय निघेल ते उघडल्याशिवाय कळत नाही, आणि तोवर गाडी उभी.

तिसरा, भंगारातला जुना ईसीएम तसाच बसवायचा. हे लोक सर्रास करून पाहतात आणि फसतात. प्रत्येक डब्यात त्याच्या मूळ गाडीच्या इमोबिलायझरची (चावी ओळखणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेची) खूण बसलेली असते. दुसऱ्या गाडीची चावी तो ओळखत नाही. सेल्फ फिरतो, इंजेक्टर उघडत नाहीत. मग "हाही खराब" म्हणून तिसरा आणतात.

चौथा मार्ग, जुना पण त्याच हार्डवेअर नंबरचा ईसीएम घेऊन त्यात आपल्या डब्याचा सगळा डेटा उतरवायचा, म्हणजे क्लोन. चावी, चासी नंबर, इंजेक्टर कोड सगळं आपलंच राहतं. अट एकच, आपला डबा वाचता आला पाहिजे.

या अटीमुळे मी पर्याय ठरण्याआधीच एक काम करून घेतलं. डबा थंड असताना व्यवस्थित चालत होता. उद्या थंड असतानाही बंद पडला तर आतला डेटा गेला आणि चौथा दरवाजा कायमचा बंद. म्हणून त्याच संध्याकाळी प्रोग्रामिंगवाल्या मित्राकडे तो टेबलवर वाचून घेतला. स्थिर १३.५ व्होल्टच्या सप्लायवर, पंखा लावून. दोनदा वाचला, दोन्ही फायली तंतोतंत जुळल्या, दोन ठिकाणी ठेवल्या. पुढे नवा घेतला असता तरी हे पैसे वाया गेले नसते. या प्रकरणात मी केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच, असं मला अजूनही वाटतं.

अण्णांनी विचारलं, "तुमची गाडी असती तर काय केलं असतं?" मी म्हटलं, "अण्णा, गाडी पाच-सहा वर्षं चालवायची असेल तर नवा. दोन सीझननंतर विकायची असेल तर क्लोन." ते म्हणाले, "या सीझनला तरली तर पुढचं बोलू." क्लोन ठरला.

प्रत्यक्ष बदल

पहिला डबा भंगारवाल्याने फोटो पाठवून पाठवला. दिसायला जुळा भाऊ. कपलर तोच, पाठ तीच. स्टिकरवर हार्डवेअर नंबरचे शेवटचे दोन आकडे वेगळे. "चालतो ओ, सगळ्यांना हाच बसवतो," असं ऐकून घेतलं आणि परत पाठवला. त्यात एक दिवस गेला. दुसरा आला तो पूर्ण जुळणारा, ११ हजार, कोणत्या मोडलेल्या गाडीतून काढला ते लिहिलेल्या बिलासकट. बिलाशिवाय असला पार्ट मी घेत नाही. चोरीचा माल या धंद्यात कमी नाही.

बसवण्याआधी तो नुसता टेबलवर चालवून ड्रायरखाली धरला. आपला डबा ज्याने मेला त्याच परीक्षेला हा बसला पाहिजे ना? चाळीस मिनिटं, ६५ अंश, ५.०१ व्होल्ट. पास. मग डेटा उतरवला.

डेटा उतरवताना मित्र म्हणाला, "ईजीआर बंद करून देऊ का आत्ताच? पिकअप वाढेल, पैसे नाही घेत." ईजीआर म्हणजे प्रदूषण कमी करायला थोडा धूर परत इंजिनात सोडणारी व्यवस्था. नको म्हटलं. गाडी ज्या प्रदूषण मानकावर पास झालीय त्यावरच राहू दे. शिवाय एका वेळी दोन बदल केले आणि उद्या काही बिघडलं, तर दोष कुणाचा शोधू?

गाडीत बसवताना चावी काढल्यावर लगेच बॅटरीला हात लावला नाही. चावी बंद झाल्यावरही ईसीएम काही सेकंद मेन रिले धरून ठेवतो आणि शिकलेली मूल्यं लिहितो. पाच मिनिटं थांबून निगेटिव्ह सोडली. कपलरच्या पिना भिंगाखाली पाहिल्या, दोन किंचित पसरल्या होत्या. बहुधा आधी कुणीतरी टेस्ट लॅम्पचा टोचा घातला असेल. त्या आवळल्या. डबा बसवला, कपलरचा खटका लावला, बॅटरी जोडली. चावी फिरवली, इमोबिलायझरचा दिवा विझला. सेल्फ मारला आणि दुसऱ्या फेऱ्याला इंजिन उचललं.

चासी नंबर स्कॅनरवर बरोबर. इंजेक्टर कोड मात्र सवयीने प्रत्यक्ष इंजेक्टरवरच्या अक्षरांशी ताडून पाहिले, तर तीन नंबरचा जुळत नव्हता. कधीतरी कुणीतरी तो इंजेक्टर बदलला आणि कोड लिहिलाच नाही. क्लोन प्रामाणिक असतो, जुन्या चुकाही जशाच्या तशा आणतो. नवा कोड भरला, आयडलची किंचित थरथर गेली. अण्णांना ती थरथर गाडीचा स्वभावच वाटत होती.

या वेळी सोडताना घाई केली नाही. दुपारी एक वाजता, काचा बंद करून, भाच्यासोबत मी स्वतः बसलो. आळेफाट्याहून माळशेज उतरून टोकावडे, तिथे वीस मिनिटं इंजिन चालू ठेवून उन्हात उभी, मग परत घाट चढून वर. मीटरची तार खणातून मांडीवर घेतलेली. खुबी फाट्याला चहा घेतला तेव्हा आकडा ५.०१ होता आणि आम्ही दोघे घामाने निथळत होतो.

निकाल

ईसीएम ११,०००, वाचणं-लिहिणं ५,५००, माझी मजुरी निदानासकट ४,०००. एकूण साडेवीस हजार. म्हणजे आधी वाया गेलेल्या पैशांत हे काम झालं असतं. गाडीने तो सीझन आणि पुढचा उन्हाळा काढला, या दोषासाठी परत आली नाही. आधी बदललेला स्वस्तातला क्रँक सेन्सर पावसाळ्यात खरोखरच गेला, तो वेगळा किस्सा.

जुना डबा नंतर सवडीने पुण्याला पाठवून उघडून घेतला. आतल्या बोर्डवर ५ व्होल्ट तयार करणाऱ्या चिपच्या पायांभोवती सोल्डरला केसाएवढी भेग निघाली. भिंगाखाली ती कड्यासारखी गोल दिसते. थंडीत टेकलेली, तापलं की सुटणारी. पाणी शिरल्याची खूण नव्हती.

मग तो गेला कशाने? अण्णांचं मत पक्कं आहे, वेल्डिंगने. मी पैज लावणार नाही. वेल्डिंगचा धक्का बसला असता तर चिप जळते, सोल्डरला भेग पडण्यापेक्षा तेच जास्त संभवतं. सात वर्षांचं रोजचं तापणं-थंड होणं, पत्र्याला टेकलेली जागा आणि घाटातले हादरे एवढं कारण मला पुरेसं वाटतं. खराब अर्थमुळे आतल्या चिपला जास्त तापावं लागलं असेल का, हे मोजता येत नाही. ईसीएम आणि पत्रा यांच्यामध्ये मी कंसाला रबरी बूच लावून दोन बोटांची फट ठेवली आहे.

आता वेगळं काय करतो

गाडी आली की पहिला प्रश्न कोडबद्दल नाही, "दोष सुरू होण्याआधी दोन महिन्यांत गाडीवर काय काय काम झालं?" हा. यात धुणं, रंग, टेप बसवणं, जाळी सगळं येतं. आणि दुसरा, "कधी बंद पडत नाही?" अण्णा तेच सांगत होते, आम्ही हसलो.

दोन असंबंधित सेन्सरांचे कोड एकत्र दिसले की त्यांची सामाईक वाट आधी मोजतो. हे मला आधीही माहीत होतं, पण अर्थचा दोष सापडल्यावर मी मोजणं थांबवलं. पहिला दोष सापडला की हात थांबतो. त्या दिवशी ५ व्होल्टची वाट फक्त पंधरा मिनिटं तापवून पाहिली असती तर अण्णांचे नऊ दिवस आणि टोकावड्यातली एक दुपार वाचली असती. अर्थचं काम करायचंच, पण "झालं" म्हणायचं नाही.

नव्या ईसीएमबद्दल अजूनही दोन मनं आहेत. क्लोन चालला, पण तोही त्याच वयाचा, त्याच कारखान्यातला डबा आहे. त्याचं सोल्डर किती उन्हाळे खाऊन बसलंय ते मला माहीत नाही. म्हणून जुना डबा दुरुस्त करून घेतला, ड्रायरखाली पास झाला, आणि अण्णांचं नाव लिहून फळीवर ठेवलाय. डेटा तोच, त्यामुळे लागलाच तर अर्ध्या तासाचं काम.

गेल्या दिवाळीनंतर अण्णांनी दुसरी पिकअप घेतली. तिच्या जाळीचं काम काढलं त्या दिवशी बॉडीवाल्याच्या शेडमधून अण्णांचा फोन आला. मागे ग्राइंडरचा आवाज. "मिस्त्री, बॅटरीच्या दोन्ही तारा काढल्यात. तुमचा तो डबा कुठं असतो यात, आणि त्याचा कपलर कसा सुटतो?" मी फोटो पाठवला. थोड्या वेळाने परत फोन, "सुटला. आता वेल्डिंगची अर्थ कुठं लावू?" म्हटलं, जिथे टाका मारणार त्याच्या शेजारी, हातभर अंतरात. ते बॉडीवाल्याला ओरडून सांगितल्याचं मला ऐकू आलं.